सोलापूरची 'सेटलमेंट' आणि सराईत गुन्हेगाराचा प्रश्न

सोलापूर शहरांत 'सेटलमेंट' या नांवाचा एक भाग आहे. रिक्षावाल्यास हा एक शब्द सांगितला म्हणजे पुरतें. पुढची वाट त्याला ठाऊक असते. शब्द इंग्रजी असला तरी गांवाच्या बोलण्यांत तो इतका मुरला आहे कीं, त्याचा मूळ अर्थ काय असावा असा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तेथेंच 'फ्री कॉलनी' नांवाचीही वस्ती आहे. वस्तीच्या नांवांत 'मोकळी' हें विशेषण घालण्याची गरज केव्हां पडावी? शेजारची वस्ती मोकळी नसेल तेव्हांच. आणि ती मोकळी नव्हतीच. मुंबई इलाख्यांतील 'गुन्हेगार जमातीं'ना कांटेरी तारेच्या आंत ठेवण्यासाठीं सरकारनें ज्या वसाहती वसविल्या, त्यांतील मोठ्या वसाहतींपैकीं एक आमच्या सोलापुरास होती.

हा इतिहास सांगण्याचें प्रयोजन केवळ स्थलवर्णन नव्हे. एकच मनुष्य पुनःपुन्हा गुन्हा करतो, तुरुंगांतून सुटतो आणि चार महिन्यांनीं फिरून तेथेंच येतो. अशाचें न्यायालयानें व तुरुंगानें काय करावें, हा प्रश्न सर्व देशांना पडलेला आहे. सुशिक्षित कुटुंबांत त्याचें उत्तर बहुधा ठरलेलें असतें: शिक्षा वाढवीत जावी. आळींत घरफोडी झाली आणि पकडलेल्या इसमावर पूर्वीं चार खटले झाले होते असें वर्तमानपत्रांत वाचलें, म्हणजे 'अशाला सोडलाच कशाला?' हा उद्गार आपल्या तोंडून निघतो. तो उद्गार अगदींच अस्थानीं आहे असें माझें म्हणणें नाहीं. मुलीच्या लग्नासाठीं करून ठेवलेले दागिने ज्याच्या घरांतून गेले त्याला चोराच्या बालपणाची कहाणी ऐकवीत बसणें ही क्रूरता होय. परंतु शिक्षा व नजरकैद वाढवीत नेण्याचा हा उपाय कल्पनेंतला नाहीं. तो आपल्याच प्रांतांत, आपल्याच गांवांत, जवळजवळ चाळीस वर्षें पार टोंकास नेऊन करून पाहिलेला आहे. त्याचा जमाखर्च पाहिल्यावांचून मत देणें बरें नव्हे.

प्रथम थोडें मागें जाऊं. इंग्रजी अमलापूर्वीं महाराष्ट्रांत माणसाला वर्षानुवर्षें कोंडून ठेवून सुधारावें ही कल्पना रूढ नव्हती. किल्ल्यांवर बंदीखाने होते. पण सामान्य चोरीच्या बाबतींत गांवाचा विचार निराळ्या वाटेनें चाले. रामोशी, बेरड, भिल्ल यांच्याकडे अनेक ठिकाणीं रखवालीचा हक्क असे. गांवांत चोरी झाली तर माग काढून चोर किंवा माल हजर करणें हें रखवालदाराचें काम. तें न साधल्यास नुकसानीची जोखीम त्याच्यावर. माग दुसऱ्या गांवाच्या शिवेंत शिरला, कीं जबाबदारी त्या गांवाच्या गळ्यांत पडे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयीं एल्फिन्स्टननें जो प्रसिद्ध अहवाल लिहिला, त्यांत या व्यवस्थेची दखल घेतलेली आहे. ही व्यवस्था निर्दोष होती असें समजण्याचें कारण नाहीं. रखवालदारच चोराशीं संगनमत करी, आणि हक्क थकला कीं स्वतःच दरोडा घालून गांवास आपली आठवण करून देई. तरीसुद्धां तिच्यांत एक शहाणपण होतें. चोरी करण्याचें ज्याला सामर्थ्य आहे त्याला चोरी न होऊं देण्यांत कांहीं लाभ ठेवला होता.

कंपनी सरकारच्या आरंभींच्या अधिकाऱ्यांपैकीं कांहींना हें उमगलें होतें. खानदेशांतील भिल्लांवर वर्षामागून वर्ष फौजा धाडून कांहीं निष्पन्न होईना, तेव्हां १८२५ मध्यें आउट्रम यानें भिल्लांचीच पलटण उभारली, आणि कालपर्यंत ज्यांचा पाठलाग चालला होता त्यांच्याच हातीं बंदोबस्त दिला. पुणें प्रांतीं मात्र रामोशांचे हक्क बुडाले आणि उमाजी नाइकाचें बंड झालें. मध्यंतरीं सरकारनें उमाजीला माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावर घेऊनही पाहिलें. पण तें फार दिवस टिकलें नाहीं, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास त्याला फांशीं देण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं मॅकिंटॉश नांवाच्या कॅप्टननें रामोशांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. ज्या जातीचा नायक नुकताच फांशीं गेला होता त्या जातीचा इतिहास शत्रुपक्षाच्या अधिकाऱ्यानें टिपून ठेवावा, ही गोष्ट इंग्रजांच्या स्वभावास धरूनच झाली.

पुढील चाळीस वर्षांत हवा पालटली. आगगाडी १८६० मध्यें सोलापुरास पोहोंचली आणि १८७१ मध्यें रायचुरास मद्रासकडून येणाऱ्या लोहमार्गास जाऊन मिळाली. त्याच १८७१ सालीं हिंदुस्थान सरकारनें पहिला 'गुन्हेगार जमातींचा कायदा' केला. योगायोग खरा, पण नुसता योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नव्हे. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून मुलुखभर हिंडणारे लमाण, तसाच फिरता व्यापार करणारे आणि टोपल्या विणणारे कैकाडी, रानांत फांसे लावणारे पारधी, हे लोक गांवगाड्याच्या कडेला राहून त्याच्या गरजा भागवीत. आगगाडीनें बैलांचा तांडा निरुपयोगी केला. मिठावरील करानें फिरता व्यापार मोडला. १८७८ च्या वनकायद्यानें रानाची वाट अडविली. ज्याचें हिंडणें काल उपयोगाचें होतें त्याचें तेंच हिंडणें आज संशयास्पद ठरलें. यांतील कित्येक लोक चोऱ्या करीत, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु सगळे करीत, आणि जन्मतःच करीत, हा सिद्धांत निराळा.

तो सिद्धांत आला कोठून? याचें उत्तर आपल्याला थोडें अडचणीचें आहे. कायद्याच्या समर्थकांचा युक्तिवाद असा होता कीं, या देशांत सुताराचा मुलगा सुतार होतो आणि लोहाराचा लोहार, तेव्हां चोराचा मुलगा चोर होणार यांत नवल काय? म्हणजे वर्णव्यवस्थेचें जें तत्त्व आम्ही अभिमानानें परकीयांस समजावून सांगत होतों, तेंच त्यांनीं उचललें आणि आमच्यांतल्या दुबळ्या जातींच्या गळ्यांत अडकविलें. युरोपांतही तेव्हां वारें त्याच दिशेचें होतें. लोम्ब्रोसो या इटालियन वैद्यानें १८७६ मध्यें गुन्हेगाराचा पिंडच निराळा असतो असें प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. पण इंग्लंडचा कायदा आणि आमच्यासाठीं केलेला कायदा यांतील फरक ध्यानांत घेण्याजोगा आहे. इंग्लंडांत १८६९ व १८७१ मध्यें सराईत गुन्हेगारांवर पोलिसांची नजर ठेवण्याचे कायदे झाले. त्यांत एखाद्या व्यक्तीला न्यायालयाकडून दोनदां शिक्षा झाली तर तिच्यावर सात वर्षांपर्यंत देखरेख ठेवतां येई. तेथें आधीं गुन्हा, मग यादी. येथें आधीं यादी. गुन्हा घडला तर घडला.

१८७१ चा कायदा प्रथम उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. मुंबई व मद्रास इलाख्यांना तो लागू होण्याची वाट १९११ च्या कायद्यानें मोकळी झाली, आणि १९२४ मध्यें सर्व तरतुदी एकत्र करून तो पुन्हा घडविला गेला. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग सतत गंभीर गुन्हे करण्यास सोकावलेला आहे असें प्रांतिक सरकारला वाटलें कीं त्यानें तसें जाहीर करावें; त्या जाहीरनाम्याविरुद्ध न्यायालयांत दाद नाहीं. मग त्या जमातीच्या लोकांचीं नांवें व बोटांचे ठसे नोंदवावे. नोंदलेल्या माणसानें ठरल्या वेळीं हजेरी द्यावी, घर बदललें तर कळवावें, परगांवीं जाण्यास परवाना घ्यावा. सरकारला योग्य वाटल्यास त्याला वसाहतींत ठेवावें, आणि त्याचीं मुलें त्याच्यापासून वेगळीं करून शाळेंत ठेवण्याचाही अधिकार सरकारला असावा. शिक्षेचें कलम तर मुद्दाम वाचण्यासारखें आहे. नोंदलेल्या जमातीच्या माणसाला कायद्याच्या परिशिष्टांतील गुन्ह्यासाठीं दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर सात वर्षांहून कमी कैद देऊं नये. तिसऱ्यांदा झाली तर जन्मभर काळें पाणी. विशेष कारण असेल तर न्यायाधीशानें तें दाखवावें. आणि हें कशासाठीं, तर सामान्य माणसाच्या बाबतींत भारतीय दंडविधानाचें ७५ वें कलम १८६० पासून होतेंच! पूर्वीं शिक्षा झालेल्यास त्या कलमान्वयें वाढीव शिक्षा देतां येई. पण 'देतां येई' आणि 'दिलीच पाहिजे' यांत, आणि व्यक्ति व जमात यांत, जें अंतर आहे तें सारें या एका कलमांत सांठविलें होतें.

आतां सोलापूर. १९१० च्या सुमारास विजापुराकडे स्टार्ट नांवाचे एक सनदी अधिकारी होते. तुरुंगांत पाठवून हे लोक सुधारत नाहींत, त्यांना नियमित मजुरी, घर आणि मुलांना शाळा मिळाली पाहिजे, असें त्यांचें मत बनलें. हा मनुष्य दुष्ट नव्हता. पुढें १९२८ मध्यें मागासलेल्या वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं मुंबई सरकारनें जी समिति नेमली तिचे ते अध्यक्ष होते, डॉ. आंबेडकर तिचे सभासद होते, आणि तिचा १९३० चा अहवाल आजही अभ्यासनीय आहे. त्यांच्याच देखरेखीखालीं विजापूर, सोलापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणीं वसाहती निघाल्या. यांपैकीं बरींच गांवें कापडगिरण्यांचीं आहेत, हें उगाच नव्हे. सोलापुरांत जुनी गिरण १८७७ पासून चालूं होती. मागाहून इतर गिरण्या आल्या. त्यांना मजूर हवे होते. सरकारला ज्यांस कोठें तरी बसवावयाचें होतें अशीं माणसें होतीं. सोय दोघांचीही झाली. वसाहतीचा एक भाग अमेरिकन मराठी मिशनच्या ताब्यांत असे व त्याला 'उमेदपूर' असें नांव होतें. नांव देणाऱ्याच्या मनांत खोट नव्हती. तथापि उमेदीच्या गांवाभोंवतीं कांटेरी तार असावी, यांतील विसंगति त्यांना जाणवली होती कीं नाहीं, कोण जाणे.

कैकाडी, टकारी, पारधी, मांग-गारुडी, कंजारभाट इत्यादि जमातींचीं कुटुंबें या तारेच्या आंत आलीं. सकाळीं गिरणीचा भोंगा, परत आल्यावर हजेरी, रात्रीं पुन्हा हजेरी, नातेवाइकाच्या मयतीला जावयाचें तर परवाना. वर्तणूक चांगली ठेवणाऱ्या कुटुंबांस कांहीं काळानें तारेबाहेर राहण्याची मुभा मिळे. 'फ्री कॉलनी' ती हीच. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीनें देशभरचे तुरुंग तपासतांना या प्रकारच्या वसाहतींचाही विचार केला, आणि या लोकांस अखेर सर्वसाधारण समाजांत मिसळून टाकणें हेंच वसाहतीचें साध्य असावें असें मत दिलें. तेव्हां पक्षपात न करतां जमेची बाजू मांडूं. येथें मुलें शाळेंत गेलीं. येथें कित्येक पुरुष-स्त्रियांना पहिल्यानेंच महिन्याचा पगार मिळाला. दुष्काळी मुलुखांत वणवण करण्यापेक्षां पक्कें घर बरें, असें म्हणणारे म्हातारे-कोतारे वसाहतींत असले तर त्यांना खोटें पाडण्याचा अधिकार माझ्यासारख्या पगारी प्राध्यापकास नाहीं.

पण मजुरी व शाळा यांनीं जें साधलें त्याचें श्रेय तारेला देतां येत नाहीं. गिरणींतला दुसरा मजूर तोच माग तितकेच तास चालवी आणि संध्याकाळीं आपल्या घरीं जाई. तो चोर झाला नाहीं तो तारेच्या अभावीं झाला नाहीं. शिवाय ज्याला गांव सोडण्याची मोकळीक नाहीं असा मजूर पगाराविषयीं फार घासाघीस करूं शकत नाहीं, हा त्याचा गुण गिरणीमालकांच्या नजरेंतून निसटला असेल असें मानणें भोळेपणाचें होईल. येथें सोलापूरकर वाचकांस एका गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. मे १९३० मध्यें आपल्या शहरावर लष्करी कायदा पुकारला गेला. कांहीं आठवडेच तो अंमल होता. पण ते आठवडे आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं फांशीं गेलेले चार हुतात्मे यांची स्मृति शहरानें जपली आहे, आणि तें योग्यच आहे. त्याच शहराच्या एका टोंकास हजेरी, परवाना व झडती हा वर्षानुवर्षांचा नित्यक्रम होता. तो अन्याय आहे असें आपल्या आजोबा-पणजोबांना वाटलें नाहीं. 'ते लोक निराळे' एवढ्यावर समाधान झालें.

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष मला कायद्याच्या कठोरतेंत दिसत नाहीं, तो तिच्या गणितांत दिसतो. हजेरी चुकणें हा गुन्हा. परवान्याची मुदत संपून गेल्यावर परगांवीं सांपडणें हा गुन्हा. वसाहतींतून न सांगतां निघून जाणें हा गुन्हा. दर खेपेस शिक्षा चढती. म्हणजे ज्या माणसानें कोणाच्या काडीलाही हात लावला नाहीं त्याच्या नांवावरही पूर्वशिक्षांची यादी तयार होत जाई. आणि मग तीच यादी पुढें करून म्हणावयाचें कीं, पाहा, हा मनुष्य कसा सराईत आहे! वैद्यानें रोग्याला रोज थोडें विष द्यावें आणि त्याची नाडी मंद चालते म्हणून पुन्हा तेंच औषध वाढवावें, तशांतला हा प्रकार. सुटलेल्या कैद्याला नोकरी हवी तर पत्ता सांगावा लागे. पत्ता सांगितला कीं नोकरी संपली. नोकरी संपली कीं उरलेला धंदा कोणता तो सांगावयास नको. १९३७ मध्यें अधिकारावर आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळानें कन्हय्यालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखालीं या कायद्याची चौकशी करविली, ती या सर्व तक्रारी कानीं आल्यामुळेंच. मुंबई प्रांतांत हा कायदा १९४९ मध्यें रद्द झाला. सबंध देशांत ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं. सोलापूरच्या वसाहतीची तार पंडित नेहरूंनीं स्वतः तोडली, अशी आठवण वस्तींत अभिमानानें सांगितली जाते.

आतां कोणी म्हणेल, जात वगळा, व्यक्ति घ्या. ज्यानें खरोखरच तीनदां चोरी केली त्याला तिसऱ्या खेपेस कायमचा आंत टाकण्यास काय हरकत? हाही प्रयोग झालेला आहे. इंग्लंडनें १९०८ मध्यें कायदा केला कीं, सराईत ठरलेल्यानें मूळ शिक्षा भोगल्यावर आणखी पांच ते दहा वर्षें प्रतिबंधक कैदेंत काढावीं. मनांत होते ते कसलेले दरोडेखोर. सांपडला कोण, तर डेव्हिड डेव्हिस नांवाचा एक म्हातारा. चर्चमधील दानपेट्या फोडण्याची त्याला खोड. यावेळीं दोन शिलिंगांसाठीं त्याला तीन वर्षें सक्तमजुरी आणि वर दहा वर्षें प्रतिबंधक कैद झाली. डार्टमूरच्या तुरुंगांत तो मेंढ्या राखी. १९१० मध्यें लॉइड जॉर्ज व गृहमंत्री चर्चिल यांची दृष्टि त्याच्याकडे गेली, आणि चर्चिलनें त्याला सोडवून एका शेतावर कामास लाविलें. गोष्ट येथें संपती तर शाळेच्या क्रमिक पुस्तकांत घालण्याजोगी झाली असती. पण डेव्हिस थोड्याच दिवसांत शेत सोडून पळाला, पुढें पुन्हा चोरी करतांना सांपडला, आणि विरोधकांनीं चर्चिलची यथेच्छ थट्टा केली. तरीही १९११ मध्यें चर्चिलनें, किरकोळ चोरांना या कायद्यांत गोंवूं नये असे निर्बंध घातले ते घातलेच. आणि मला वाटतें तो बरोबर होता. दयेनें डेव्हिस सुधारला नाहीं हें खरें. तसाच तो कैदेनेंही सुधारला नव्हता. आणि दोन शिलिंगांची किंमत तेरा वर्षें नव्हती. कॅलिफोर्नियानें १९९४ मध्यें तिसऱ्या गुन्ह्यास पंचवीस वर्षें ते जन्मठेप असा नियम केला. दुकानांतून गोल्फ खेळण्याच्या तीन काठ्या चोरणाऱ्या एका इसमाला ती शिक्षा झाली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ती २००३ मध्यें कायमही केली; पण २०१२ मध्यें तेथील मतदारांनींच, तिसरा गुन्हा गंभीर किंवा हिंसक असावा, अशी दुरुस्ती करून घेतली. तिकडील लेखांत हा नियम विसाव्या शतकाच्या अखेरची नवी कल्पना म्हणून वर्णिलेला असतो. आमच्या १९२४ च्या कायद्याची गांठ त्या लेखकांना पडलेली दिसत नाहीं.

याच्या उलट टोंकाचा प्रयोग सोलापुराहून फार दूर झाला नाहीं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ मध्यें आपल्या प्रजेला राज्यकारभार सोपविला; त्याच सुमारास मॉरिस फ्रिडमन या पोलिश एंजिनियराच्या प्रेरणेनें आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची मोकळी वसाहत निघाली. भिंत नाहीं, बेडी नाहीं. कैद्यानें शेती करावी आणि बायकामुलांसह राहावें. आटपाडीच्याच परिसरांत वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनीं या कल्पनेवरून कथा लिहिली, आणि व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आंखें बारह हाथ' सर्व जगानें पाहिला. पुढें महाराष्ट्रांत येरवडा, पैठण इत्यादि ठिकाणीं खुले तुरुंग निघाले. ही परंपरा महाराष्ट्रास भूषणावह आहे. तरी त्या चित्रपटांतील सहा कैदी कोण आहेत हें पाहावें. ते खुनी आहेत. आणि तुरुंगाच्या कामाशीं ज्यांचा संबंध आला ते सर्व सांगतात कीं, जमिनीच्या भांडणांत किंवा रागाच्या भरांत खून करणारा मनुष्य सुटल्यावर दुसरा खून क्वचितच करतो. वरचेवर परत येतो तो खिसेकापू, सायकलचोर, दारूसाठीं भांडीं पळविणारा. खुल्या तुरुंगाची निवड करतांना सराईत कैद्यांना सहसा वगळतात. म्हणजे मोकळीक त्याला मिळते ज्याच्यापासून पुढें भय थोडें. आणि ज्याला बाहेर राहण्याची संवय लावणें हीच खरी अडचण, तो भिंतीच्या आंत राहतो आणि एके दिवशीं एकदम रस्त्यावर सोडला जातो. फ्रिडमननें सोपें उदाहरण सोडविलें असें म्हणून मी त्याचें मोल कमी करीत नाहीं. पण स्टार्टपुढें होतें तें उदाहरण अवघड होतें, आणि तें अद्याप फळ्यावर तसेंच आहे.

तार तुटली तरी यादी राहिली, हेंही सांगितलें पाहिजे. मुंबई प्रांतानें १९४७ मध्यें सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा कायदा केला आणि १९५९ मध्यें त्याच्या जागीं नवा आणला. तत्त्वतः हा व्यक्तीचा कायदा. ठराविक मुदतींत ठराविक वेळां शिक्षा झालेल्याचें नांव नोंदावें, एवढेंच तो म्हणतो. परंतु जुनीं रजिस्टरें आणि जुन्या संवयी कायद्याबरोबर रद्द होत नसतात. लक्ष्मण माने यांचें 'उपरा' १९८० मध्यें व लक्ष्मण गायकवाड यांचें 'उचल्या' १९८७ मध्यें प्रसिद्ध झालें, तेव्हां मराठी वाचकांस पहिल्यानेंच कळलें कीं, आपण ज्याला पोलिस तपास म्हणतों तो वस्तींतल्या झोपडीच्या आंतून कसा दिसतो. कित्येक राज्यांच्या तुरुंगनियमांत तर 'भटक्या' किंवा 'गुन्हेगार' जमातींचा माणूस सराईत समजावा अशा अर्थाचे उल्लेख स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षें तसेच होते. एका महिला पत्रकाराच्या अर्जावर ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ते घटनाबाह्य ठरविले, आणि तुरुंगांतील रजिस्टरांतला जातीचा रकानाही काढण्यास सांगितलें. भारतीय दंडविधान जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी जुन्या ७५ व्या कलमाचा आशय तिच्या १३ व्या कलमांत कायम आहे. आणि तो तसा असण्यास माझा विरोध नाहीं. शस्त्र घेऊन दुसऱ्यांदा घर फोडणाऱ्यास पहिल्यापेक्षां अधिक शिक्षा होणें न्याय्य आहे. शिक्षेचें माप मात्र त्याच्या कृत्याचें असावें. आणि हजेरी चुकणें, पत्ता न कळविणें असल्या कागदी गुन्ह्यांची भर त्यांत पडूं नये.

किरकोळ चोराच्या बाबतींत मला न्यायाधीशाच्या आंकड्यापेक्षां सुटकेनंतरचे पहिले तीन महिने महत्त्वाचे वाटतात. खुल्या तुरुंगांतली जागा त्याला शिक्षेच्या अखेरच्या काळांत कां मिळूं नये? बाहेरच्या कारखान्यांत दिवसां काम आणि रात्रीं बराकींत परत, असें सहा महिने चाललें, तर सुटतेवेळीं त्याच्या हातीं पगार असेल, आणि ज्याला त्याचें काम ठाऊक आहे असा एक तरी मालक असेल. सोलापुरांत जें कांहीं साधलें तें पगारानेंच साधलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें १९९८ मध्यें गुजराथच्या एका प्रकरणांत, सक्तमजुरीच्या कैद्यांना रास्त मजुरी द्यावी असें सांगितलें. आणि त्याबरोबर हेंही सुचविलें कीं, या मजुरीचा कांहीं भाग गुन्ह्यानें ज्याचें नुकसान झालें त्यास मिळावा. या दुसऱ्या सूचनेकडे वर्तमानपत्रांनीं पुरेसें लक्ष दिलें नाहीं. जुन्या रखवालदाराला चोरीची भरपाई करावी लागे. दागिने गेलेल्या गृहस्थाला आमचा आजचा खटला साक्षीच्या तारखांपलीकडे फारसें कांहीं देत नाहीं. कैद्याची रोजची मजुरी किती, तींतून तुरुंगाचा खर्च किती कापावा, घरीं किती पाठवावें, आणि फिर्यादीच्या वाट्यास किती यावें, हा हिशेब वादाचा आहे. पण तो मांडावयास घेतला, तर 'अशाला सोडलाच कशाला' असें विचारणाऱ्या गृहस्थालाही त्यांत बसण्यास पहिल्यानेंच जागा मिळेल.